पाहुण्यांआधी गरम पाणी

सोलरची टाकी जिन्याच्या वळणावर अडकली आणि गल्लीतले सगळेच एकदम जाणकार झाले. कोणी म्हणे उभी करा, कोणी म्हणे आडवी घ्या. प्रफुल वरून दोर ओढत होता, शेजारचा गोपाल खालून खांदा लावत होता. पाहुणे उद्या दुपारी घर पाहायला येणार होते. तोवर नळाला गरम पाणी आलंच पाहिजे होतं.

"नवरीपेक्षा टाकीलेच जास्त जपून राह्यला बे तू," गोपाल धापा टाकत म्हणाला.

प्रफुल हसला, पण दोर सोडला नाही.

मागचं स्थळ न्हाणीघर पाहूनच मोडलं होतं. त्या मंडळींनी पोहे खाल्ले, चहा घेतला, अंगणातला तांब्याचा बंब पाहिला, धुरानं काळी पडलेली भिंत पाहिली आणि कळवतो म्हणून गेली. कळवलं नाही. जिवतीच्या डोंगरावरच्या या गावात थंडीत पहाटे पाण्यात हात घालवत नाही, आणि बंब पेटवायचा म्हणजे लाकडं फोडण्यापासून सुरुवात.

नव्या स्थळानं आधीच निरोप धाडला होता. घर लहान असलं तरी चालेल, पण पहाटे उठून धूर खाणं जमणार नाही. प्रफुलला हे आवडलं. नको ते आधीच सांगून टाकणारी माणसं त्याला बरी वाटत. शिवाय महिनाअखेर त्याला पुण्याच्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं. त्याआधी हे लग्न ठरलं नाही, तर पुढं कधी ठरेल असं त्याला वाटत नव्हतं.

म्हणून तो गडचांदूरला बाबूभाईंच्या दुकानात गेला होता. बाबूभाई हिटर विकत, बसवून देत, आणि मूल गावचं हे स्थळही त्यांनीच सुचवलं होतं. विजेचा गिझर त्यांनी स्वतःच नको म्हटला. वीज कधी जाईल नेम नाही, त्यात पाणी चुन्याचं. कॉइलवर थर बसला की बिल वाढतं आणि पाणी कोमटच राहतं. गॅसच्या गिझरला हवा खेळती लागते आणि न्हाणीघराला खिडकीच नव्हती. उरला सोलर. ढगाळ दिवसांसाठी जुना बंब होताच.

"घरात माणसं किती?" बाबूभाईंनी विचारलं.

"दोन."

"नवीन माणूस धरून?"

"धरून."

बाबूभाईंनी मान डोलावली आणि मोठ्या टाकीवरचा हात उचलून लहान टाकीवर ठेवला.

प्रफुलच्या वडिलांना, लटारूभाऊंना, हा खटाटोप पटला नव्हता. बंब काय वाईट आहे, असं ते दिवसभर पुटपुटत राहिले. पण बाबूभाईंचा भाऊ जाहिद नळ जोडायला आला तेव्हा ते त्याच्या मागं मागं छतावर फिरत होते. चुका काढायला गेले असतील, असं प्रफुलनं धरलं.

दुसऱ्या दिवशी ऊन कडक पडलं. प्रफुलनं सकाळपासून इतक्या वेळा नळ उघडून पाहिला की गोपालनं त्याला ओट्यावर बसवून ठेवलं. वडिलांनी दाढी करायला टाळाटाळ केली, तेव्हा प्रफुलनंच वस्तरा घेऊन त्यांची दाढी केली, धुतलेलं धोतर पुढं ठेवलं, स्वतः नवा शर्ट चढवला.

मायलेकी आल्या, सोबत बाबूभाई. पुनम शाळेत शिकवायची. ती पाणी प्यायली आणि घर न्याहाळू लागली. तिची आई सत्यशीलाबाई मात्र पोह्यांना हात न लावता सरळ न्हाणीघरात गेल्या. नळ सोडला. हात धरला आणि चटकन मागं घेतला. वाफ दारापर्यंत आली.

प्रफुलच्या जिवात जीव आला.

"आणलं हे चांगलं केलं," सत्यशीलाबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "पण हे साफ कोण करन?"

प्रफुल नळ बंद करायला वळला. मी करीन म्हणावं, तर तो पुण्यात असणार. बाईंनी ते ओळखलं. वस्तू आणणारे पुष्कळ पाह्यले, त्या सावकाश म्हणाल्या, पुढच्या सालापर्यंत सगळ्यावर धूळ बसलेली असते. त्यांनी पिशवी उचलली. बाबूभाई खाली पाहू लागले. हेही स्थळ गेलं, असं प्रफुलला वाटलं.

"मी करतो."

लटारूभाऊ उभे राहिले होते. कोणी काही बोलायच्या आत ते जिना चढूही लागले, आणि सगळे त्यांच्या मागं छतावर गेले.

"काचा उन्हाच्या आधी पुसाच्या," ते टाकीशी उभे राहून सांगू लागले. "तापल्या काचेवर थंडं पाणी पडलं का तडकते. खालच्या या तोटीतून गाळ काढाचा. चुना जमला का जाहिदनं औषध सांगितलं आहे, ते मी आणून ठेवलं."

"आन ढग आले तर?" बाईंनी विचारलं.

"बंब मी पेटवतो. घरात दुसऱ्या कोणाले उठाचं काम नाई."

सत्यशीलाबाई पहिल्यांदाच हसल्या. पिशवी त्यांनी कठड्यावर ठेवली.

"मागून कळवत नाई," त्या म्हणाल्या. "आताच सांगते. मले पसंत आहे."

खाली गल्लीत गोपालनं शिट्टी मारली. बाबूभाईंनी प्रफुलला मिठीच मारली. साखर आणायला तो जिन्याकडे धावला, तर तिथं पुनम उभी होती. आल्यापासून ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. आता तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती.

"दादा," ती म्हणाली, "लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीले तुमच्या बाबाले आन माह्या मायले माह्याच घरी धाडजा. तेच आता तिचं माहेर."