मावशीला उघडता येईल अशी फाइल

"टेक्स्ट फाइल म्हणजे इस्त्री न केलेला शर्ट," धाकटी म्हणाली. "मावशी बघताक्षणी तोंड वाकडं करील."

"आणि तुझी पीडीएफ?" दादाने विचारलं. "एक शब्द बदलायचा म्हटला तर सगळी नव्याने बनवा! टेक्स्ट कशातही उघडते, कुठेही दुरुस्त होते."

"दुरुस्त करणार कोण? मावशी?"

नोकरी सोडून दादाने लॉन्ड्रीसाठी सॉफ्टवेअर बनवलं होतं. कोणाचा कपडा कुठे आहे, ते त्यात चटकन सापडावं. पहिलं गिऱ्हाईक सख्खी मावशीच. तिच्या लॉन्ड्रीत कपड्यांची अदलाबदल रोजचीच. तिने मान डोलावली की तिच्या ओळखीचे लॉन्ड्रीवालेही सॉफ्टवेअर घेणार होते. तिने नाक मुरडलं, तर दादाला जुन्या साहेबासमोर जाऊन उभं राहावं लागणार होतं. आणि साहेब विचारणार, "काय, फिटली हौस?"

सॉफ्टवेअर कसं वापरायचं, ते सांगणारी पुस्तिका धाकटीने लिहिली होती. एका वाक्यात एकच काम, हा तिचा नियम. "कपडा येताच त्याला क्रमांकाची चिठ्ठी टाचा. तोच क्रमांक पडद्यावरच्या चौकटीत भरा. धुऊन झाल्यावर कपडा त्याच क्रमांकाच्या खणात ठेवा." पुस्तिका तयार होती. घोडं अडलं होतं ते ती कोणत्या फाइलमध्ये द्यायची, यावर.

शेवटी त्यांनी मावशीलाच फोन लावला.

"मला तुमचं ते फाइलबिइल काही कळत नाही," मावशी म्हणाली. मागे वाफेची इस्त्री फुसफुसत होती. "मोठ्या अक्षरात छापून टेबलासमोर भिंतीला चिकटवता येईल, असं काहीतरी द्या."

"पीडीएफ!" धाकटी ओरडली. दादाने हात टेकले.

दादाने मावशीच्या संगणकावर सॉफ्टवेअर बसवलं, पुस्तिका छापून भिंतीला चिकटवली. मग आठवडाभर मावशीचा फोन नाही. धाकटीने विषय काढला की दादा "बघू" म्हणायचा आणि उगाच कीबोर्ड पुसत बसायचा.

एकदाचा फोन आला. दादाने तो स्पीकरवर टाकला.

"अरे, जादूच केलीत रे पोरांनो! एका शर्टाची अदलाबदल नाही. तो कटकट्या वकीलसुद्धा आपलाच कोट घेऊन मुकाट घरी गेला."

दादाने धाकटीचा हात घट्ट धरला.

"दोघे लॉन्ड्रीवाले येऊन बघून गेले. त्यांनाही हवंय म्हणतात. आजच्या आज!"

"देतो की, मावशी! उद्याच जाऊन बसवून देतो."

"त्यात बसवायचं काय? चिकटवतील की आपापलं." मावशी हसली. "चिठ्ठी टाचायची, खणात ठेवायचं, सगळं कागदावर कसं स्वच्छ लिहिलंय. आणि हो, तुझं ते सॉफ्टवेअर तेवढं येऊन घेऊन जा बाबा. उघडायची वेळच आली नाही, अगदी कोरं करकरीत आहे."