दत्तारामचं डोकं

कुकरची शिट्टी झाली आणि दत्तारामने दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं.

“गो नलू, बंद कर ती! घण बसतायत डोक्यात.”

नलिनीने लगबगीने स्टोव्ह विझवला. उद्यापासून भात टोपातच शिजवायचा, असं तिने ठरवून टाकलं. त्या शिट्टीने तिच्याही कपाळात कळ गेली होती. पण घरात आजारी माणूस असलं की सगळ्यांचीच डोकी उठतात, त्यात नवल काय!

दिंडोशीच्या त्या खोलीत पाडव्यापासून हे असंच चाललं होतं. दत्ताराम कबड्डीतला जुना गडी. कंपनीतली पाळी संपली की मंडळाच्या बायकांच्या संघाला शिकवायचा. एका संध्याकाळी सरावात तो चढाईला गेला. डाव्या कोपऱ्यावरून कॅप्टनने, म्हणजे त्याच्या बायकोनेच, झेप घेऊन पकड केली आणि दोघांची डोकी नारळासारखी एकमेकांवर आपटली. दत्ताराम मातीतच बसून राहिला. नलिनी उठली, कुंपणाशी जाऊन ओकली आणि तोंड पुसून परत खेळायला उभी राहिली. उपाशीपोटी सराव केला की व्हायचंच तसं.

डॉक्टर तिला तपासायला गेले, तर म्हणाली, “मला काय धाड भरलीय? मुलुंडला खांबावर आपटले, घाटकोपरला घेरी येऊन पडले, तरी दोन्ही सामने जिंकून आले. यांना बघा आधी!”

मग डॉक्टरांनी यांना बघितलं. आणि तेव्हापासून घरात जावई यावा तसे त्या डोक्याचे लाड सुरू झाले.

उजेड सोसत नाही म्हणून खिडकीला खाकी कागद लागला. पहिली पाळी करून दत्ताराम दुपारी घरी यायचा आणि उंबरा ओलांडला की कपाळाला हात लावायचा. “एकट्याला काळोखात गुदमरतं गो. तूही पड ना बाजूला.” नलिनी कुरकुरत आडवी व्हायची आणि त्याच्या आधी तिचाच डोळा लागायचा. शिवाय त्याचा विसरभोळेपणा! “स्टोव्ह विझवलास? नळ बंद केलास? मला काही आठवत नाही बघ.” दहादा विचारायचा. ती चिडून उठायची, बघायची. एक-दोनदा नळ खरंच चालू निघाला होता.

शेजारच्या सोनूबाईंना मात्र भारी चौकशा. “काय गं नलू, कंपनीत मशीनच्या खडखडाटात तुझा नवरा बरा राहतो ना? घरी आलं की बरं दुखतं!”

“स्टोअरला बसवलंय त्यांना,” नलिनी फणकारली. “आणि तुमचा रेडिओ जरा बारीक करा.”

गणपती गेले आणि मंडळाचे भाऊराव घरी आले. “नलिनी, दिवाळीनंतर घाटकोपरला स्पर्धा आहे. राज्याच्या निवड समितीची माणसं बघायला येणार. तू नसलीस तर आपली वाट लागली समज.”

नलिनीच्या अंगावर काटा आला. तिशी उलटत आली होती. राज्याच्या संघात जायची ही शेवटची संधी. तिला जायचं होतं, अगदी जीव तोडून जायचं होतं.

“जा गो तू,” आतून दत्तारामचा मलूल आवाज आला. “मी राहीन कसातरी. चक्कर आली तर धरायला भिंत आहेच.”

झालं! असं म्हटल्यावर कुठली बाई जाईल?

“डॉक्टरांना विचारून सांगते, भाऊ,” ती म्हणाली.

मालाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे लाद्यांमधली रेघ दाखवली. “टाचेला अंगठा लावत सरळ चालायचं. बाई, आधी तुम्ही करून दाखवा, म्हणजे यांना कळेल.”

दर वेळी हेच. डोकं न हलवता बोटाकडे बघायचं, तेही आधी तिनेच. संघातल्या नव्या मुलींना असंच करून दाखवायची सवय होती, तिला त्यात काही वाटायचं नाही. ती रेघेवरून चालली. मध्येच झोक गेला.

“चपलेचा अंगठा सैल झालाय मेला,” ती हसली. दत्तारामचं तर विचारूच नका. दोन पावलांत त्याने भिंत धरली.

“डॉक्टर, खरं सांगा. मी घाटकोपरला खेळायला गेले तर चालेल?”

डॉक्टरांनी दत्तारामकडे पाहिलं. मग ते सावकाश म्हणाले, “डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसला की हे असं रेंगाळतं, बाई. बरं होतं, पण शांतता लागते, झोप लागते. त्यातच आणखी एक मार बसला, तर मग माझ्या हातात काही नाही. हे वर्ष मैदान नको. घरी थांबा.”

नलिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग तिने पदर खोचला. “भाऊरावांना सांगते, दुसरी कॅप्टन बघा. स्पर्धा काय, छप्पन्न येतील. नवरा कुठून आणू?”

दत्ताराम मान खाली घालून बसला होता. “तू रिक्षा थांबव,” तो म्हणाला. “मी गोळ्या घेऊन येतो.”

रिक्षा मिळाली. बसताना तिला आठवलं, पिशवी वरच राहिली. गेल्या खेपेला छत्री राहिली होती. “थांबा हां, आलेच,” असं रिक्षावाल्याला सांगून ती परत जिना चढली. मध्ये दोनदा कठड्याला धरून उभी राहिली आणि दवाखान्याच्या पडद्याशी पोचली.

आत डॉक्टर म्हणत होते, “झालं ना तुमच्या मनासारखं, दत्ताराम? आता तुमचं डोकं आणखी किती दिवस दुखणार?”

“तिचं थांबेपर्यंत, डॉक्टर.”