पितळेचा घोडा
जप्त केलेली गावठी बंदूक वितळवायला पोलीस बाळकुमच्या भट्टीवर आले आणि पंच म्हणून साहेबांनी समोरच्या घरातून दाजी कोळ्याला बोलावलं. भट्टीवाला दौलत गडबडला. गेल्या शिमग्यानंतर याच दाजीने आपली परवान्याची बंदूक पोलिसांसोबत येऊन इथे दिली होती. तो पुसत असताना तिचा बार सुटला होता आणि त्याचा मुलगा धाकू गेला होता. "हिचा काय पन ठेवू नको रे," असं तो हात जोडून म्हणाला होता. दौलतने मान डोलावली होती. मग दाजीची पाठ वळल्यावर त्याने सरकारी नियमात होती तेवढी नळी कापून वितळवली आणि बाकीचे भाग, सगळे भट्टीवाले विकतात तसे, भंगारात विकले. "खोपटला शाळकरी पोर मारलं हिने," म्हणत साहेबांनी बंदूक फरशीवर ठेवली. नळी पाण्याच्या पाइपची होती, दस्ता नवा होता, पण बोटाने ओढायचा घोडा पितळेचा होता, होडीच्या जुन्या कडीतून दाजीने स्वतः घासून आपल्या बंदुकीला बसवलेला. दौलतने घाईने बंदूक उचलली. "फक्त नळी काप, बाकीचं तुझं," साहेब सवयीने म्हणाले. दाजी पुढे झाला. त्याने त्या घोड्यावर अंगठा टेकवला आणि दौलतकडे पाहिलं. याने निदान थोबाडीत तरी मारावी, असं दौलतला वाटलं. दाजी मात्र साहेबांकडे वळला. "साहेब, त्या पोराचा बापूस कुठं राहतो?"