जातो म्हणा!

हॉस्पिटलमधून घरी निघताना दिगंबरराव सवयीनं आपल्या बेडकडे वळून म्हणाले, “येतो हं.”

“जरूर या,” बेड म्हणाला. “तुमच्या नावानं राखून ठेवतो.”

वासंतीबाईंनी कपाळाला हात लावला. दर डिस्चार्जला हेच व्हायचं, आणि दर वेळी तो राखलेला बेड खरंच लागायचा. पण या खेपेला त्यांच्या नवऱ्याला त्याच्याच पेशींपासून वाढवलेली किडनी बसवली होती, आणि ती झकास चालली होती.

“अहो, जातो म्हणा!”

“अगं, असं म्हणतात का कधी? आईनं थोबाड रंगवलं असतं माझं.”

“घरी नाही म्हणायचं. इथं म्हणायचं.”

दिगंबरराव बेडकडे वळले. “जातो,” ते कसेबसे पुटपुटले.

“बरं. नाव काढून टाकलं,” बेड म्हणाला.

“परत एकदा सांग रे,” वासंतीबाई म्हणाल्या. बेडनं परत सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी बॅग उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबरराव कितीतरी महिन्यांनी एकटेच भाजी आणायला निघाले. पायात चपला सरकवत त्यांनी खुशीत हाक दिली, “जातो गं!”

हातातलं लाटणं तसंच घेऊन वासंतीबाई दारापर्यंत धावत आल्या.

“येतो म्हणा आधी!”