निरोगी नमुना

पित्तातली आम्लं पांढऱ्या पेशींना होरपळण्यापासून वाचवतात, हे सिद्ध करायला उप्सालाच्या प्रयोगशाळेत गुनवोरला निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. ठरलेला रक्तदाता आयत्या वेळी फिरकला नाही, म्हणून तिने स्वतःचाच दंड पुढे केला.

दुपारी तिच्या पेशींवर जहाल रसायन सोडलं. पित्ताचा थेंबही न घालता त्या तग धरून राहिल्या!

"तुझ्यासारख्याच हट्टी आहेत गं!" सहकारी तूरे हसला. गुनवोरने खुशीत सगळ्यांना वेलचीचे पाव वाटले.

यकृताच्या डॉक्टर मार्गारेताने आकडे दोनदा वाचले आणि पाव तसाच खाली ठेवला.



"गुनवोर, तुझ्या रक्तात पित्त आधीच साचलंय. कोट घाल, आत्ताच माझ्या वॉर्डात चल."