आधी भिजव

म्हातारी नेहमीसारखं काहीतरी पुटपुटली. पायाशी बसलेल्या मुलीनं मान डोलावली, चेहऱ्यावर हसू ठेवलं, श्वास रोखला आणि जखमेला चिकटलेलं पट्टीचं शेवटचं वेटोळं एका हिसक्यात ओढून काढलं. म्हातारीचा पाय थरथरला. मग तो वास आला. साचलेल्या पाण्यात काहीतरी गोडूस कुजावं तसा. एकदा नाकात शिरला की साबणानं जायचा नाही, प्रार्थनेनं जायचा नाही. पार जेवणाच्या ताटापर्यंत पाठलाग करायचा.

आज नववा दिवस होता. अजून बारा बाकी होते.

चर्चच्या सात जणांबरोबर ती तीन आठवड्यांच्या सेवेसाठी परदेशातल्या या मिशनच्या वृद्धाश्रमात आली होती. एकच लांब खोली, दोन्ही बाजूंना खाटा. कामं वाटली तेव्हा कुणाला भिंती रंगवायला मिळाल्या, कुणाला गाणी शिकवायला. तिच्या वाट्याला पाय आले. म्हाताऱ्यांचे पाय धुवायचे, जखमा पुसायच्या, पट्ट्या बदलायच्या. इथल्या नर्सनं एकदा घाईघाईत दाखवलं आणि ती जी गेली ती गेलीच.

घरी तिला सगळे फिनाईल म्हणत. बसची दांडीसुद्धा ती रुमालानं धरायची. पण इथं ‘मला हे जमणार नाही’ म्हणायला तिची जीभ रेटली नाही. निघायच्या आधी चर्चच्या सगळ्या मंडळीसमोर उभं राहून ‘प्रभू सांगेल ते करीन’ अशी साक्ष दिलेली.

म्हणून ती करत होती. बेडपॅन, नखांत साचलेला मळ, उशीवर वाळलेली लाळ, सगळ्याची तिला शिसारी यायची. बरोबर आलेले चर्चचे पाळकसाहेब फोटो काढायला आले की ती म्हातारीचा पाय मांडीवर घ्यायची. ते वळले की खाली ठेवायची. पट्टी सोडायच्या आधी म्हातारी रोज इथल्या भाषेतला तोच एक शब्द म्हणायची. ‘आजी मला रोज आशीर्वाद देतात,’ असं तिनं मंडळीच्या ग्रुपवर लिहून टाकलं होतं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती.

आता तिनं कापूस पाण्यात बुडवून पायाच्या बोटांमधून फिरवला. बेचक्यात पांढरं काहीतरी दिसलं. भाताचं शीत असेल असं तिला वाटलं. ते शीत हललं.

तिला तोंड फिरवायलाही वेळ मिळाला नाही. सकाळचा चहा, पाव, सगळं भडभडून म्हातारीच्या मांडीवर पडलं. स्वयंपाकघरातून स्वयंपाकीणबाई बादली घेऊन धावत आल्या. त्यांनी पूर्वी आपल्याकडच्या एका कुटुंबात काम केलं होतं, त्यामुळे मोडकीतोडकी का होईना, त्यांना आपली भाषा यायची.

म्हातारी रागावली नाही. तिनं डोक्याचा रुमाल सोडला आणि त्याच्या टोकानं मुलीची हनुवटी पुसली. तो रुमालही कुबट होता. ती अंग चोरून मागे सरकली. म्हातारीनं दुसऱ्या पायाच्या पट्टीकडे बोट दाखवलं आणि पुन्हा तोच शब्द म्हणाली.

“आजी काय म्हणतात हो?” तिनं विचारलं.

“भिजव, म्हणते,” स्वयंपाकीणबाई म्हणाल्या. “आधी पट्टी भिजव, मग काढ. सुकी ओढली की कातडं येतं ना सोबत. तुला रोज सांगते ती.”

तिचे कान तापले. मांडीवरची घाण पुसून झाली, बेचक्यातली अळी स्वयंपाकीणबाईंनी चिमट्यानं काढली, तरी तिला मान वर करता येईना. तिनं कोमट पाणी आणलं. दुसऱ्या पायावर वाटीवाटीनं ओतलं. पहिल्यांदाच ती कसलीही घाई न करता त्या पायापाशी बसून राहिली. दहा मिनिटांनी पट्टी आपोआप सुटली. पाय थरथरला नाही. वास मात्र तोच होता, तेवढाच घाण.

म्हातारी तिच्या हातांकडे बघत होती. मग तिनं काहीतरी विचारलं.

“विचारते, तुझ्या घरी कुणी म्हातारं, आजारी नाही का? कधी कुणाचं केलं नाहीस?” स्वयंपाकीणबाईंनी सांगितलं.

“नाही,” ती म्हणाली. “कुणी नाही.”

म्हातारीकडे न बघता तिनं सुटलेली पट्टी उचलून बादलीत टाकली.

दुपारी मागच्या पायरीवर बसून तिनं घरी फोन लावला. घरी तिचे वडील दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्यांचं हगणंमुतणं, पाठीवरच्या जखमा, सगळं वहिनी करायची. वहिनी गरम पाण्याची बादली उचलायची त्याच वेळी हिला चर्चच्या गायनवर्गाला निघायचं असायचं. दोन वर्षांत एकदाही तिनं त्या खोलीचं दार त्या वेळी उघडलं नव्हतं.

“वन्सं? सगळं ठीक आहे ना?” वहिनी म्हणाली.

“वहिनी, एक विचारू? बाबांचं करताना तुला कधी किळस आली का गं?”

पलीकडे वहिनीनं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “म्हणजे काय, वन्सं? पहिले सहा महिने रोज ओकत होते. बाथरूमचा नळ सोडून ओकायचे, बाबांना ऐकू जायला नको म्हणून.”