टिंबासकट

"लॅपटॉप बिघडलाय," बाबा म्हणाले. "सगळं धुकं धुकं दिसतंय."

मुलगा नुकताच रात्रपाळी करून आला होता. बूट काढायला वाकणंही जिवावर आलं होतं. बाबा टेबलाशी बसले होते, नाक स्क्रीनला टेकेल इतके पुढे. समोर एका कादंबरीची, छपाईआधी तपासायची मुद्रितं उघडी होती. मागच्या पुस्तकात त्यांच्या नजरेतून बरेच अनुस्वार सुटले होते आणि प्रकाशकाने, अगदी गोड शब्दांत, आता विश्रांती घ्यायची का म्हणून विचारलं होतं. बाबांनी सरळ सांगून टाकलं, दोष स्क्रीनचा. मुद्रितं तपासणं गेलं तर या माणसाकडे काय उरेल, हे घरात मोठ्याने कोणी बोलत नव्हतं.

"तुझ्या त्या लिनक्सनं वाटोळं केलं. आधी बटण दाबलं की प्रकाश वाढायचा. एवढं शिकून काय उजेड पाडलास, सांग."

हे वाक्य मुलगा दहावीपासून ऐकत आला होता. पहिली नोकरी लागली तेव्हा ऐकलं, सुटली तेव्हाही ऐकलं. आज चिडायचंही त्राण नव्हतं.

"पाडतो, बाबा. सरका जरा."

लॅपटॉप जुना, म्हणून त्यानेच विंडोज काढून त्यावर लिनक्स टाकलं होतं. तेव्हापासून प्रकाशाची बटणं रुसली होती ती रुसलीच. काळी खिडकी उघडून आज्ञा लिहायची, मग प्रकाश वाढायचा. जांभया देत त्याने ती लिहिली आणि एन्टर मारला. खाली एक ओळ उमटली: परवानगी नाही. झोपेच्या तारेत तो सुरुवातीचा 'सुडो' विसरला होता, आणि त्या शब्दावाचून ते यंत्र बापाचंही ऐकत नाही. स्क्रीन होता तसाच मंद राहिला.

"हं! आता कसं," बाबा म्हणाले. "पडला बघ उजेड."

मुलाची बोटं थांबली.

"पडला?"

"लख्ख! शाब्बास. जा, झोप आता. डोळे बघ कसे झालेत तुझे."

शाब्बास. इतकी वर्षं वाट पाहिली आणि शाब्बासकी मिळाली ती अशी, काहीच न केल्याबद्दल. त्याला रडू आलं. ते त्याने जांभईत घालवलं.

त्याने आज्ञा पुन्हा लिहिली, या खेपेला नीट. प्रकाशाचा आकडा शेवटपर्यंत नेला. पांढरं पान भक्कन पेटलं, त्याचे जागरणाने चुरचुरणारे डोळे आपोआप मिटले. उघडून पाहतो तर बाबा तसेच, पापणीही न लववता, बोट ओळीखाली धरून बसलेले. 'आत कोणी नव्हत' असं छापलं होतं. बोट त्यावरून अलगद पुढे सरकलं.

"अजून इथेच?" बाबा म्हणाले. "मघाशीच म्हटलं ना, पुरे झाला उजेड."

मुलाने खुर्ची ओढली.

"मी वाचू का, बाबा? तुम्ही ऐका. आई असताना वाचायची तसं."

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, घडी न घालताच.

"वाच," ते म्हणाले. "पण टिंबासकट वाच. ती तशीच वाचायची."

"आत कोणी नव्हत." मुलगा थांबला. "'त'वर टिंब नाहीये, बाबा."

"दे मग," बाबा म्हणाले. डोळे त्यांनी मिटून घेतले होते.